दहा विरुद्ध नऊ

मार्च २०२३ मध्ये अहमदनगर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या अध्यक्षपदासाठी मतदान झालं. उदय शेळके यांच्या निधनानं खुर्ची रिकामी झाली होती आणि मतदार होते वीस. संचालक मंडळात महाविकास आघाडीचं उघड बहुमत. त्यांचे उमेदवार शेवगावचे माजी आमदार चंद्रशेखर घुले. समोर भाजपचे शिवाजी कर्डिले, राहुरीचे माजी आमदार. बेरीज-वजाबाकी करणाऱ्या कोणीही कर्डिलेंच्या अर्जाला हौसेपलीकडे किंमत दिली नसती. मोजणीत कर्डिलेंना दहा मतं पडली, घुलेंना नऊ, आणि एक मत बाद ठरलं.

त्यानंतर जिल्ह्यात चर्चा झाली ती फुटलेली मतं कोणाची याची. हॉटेलांत, बाजार समितीत, लग्नाच्या मांडवात नावं घेतली गेली. मला त्या नावांत फारसा रस नाही. मला वेगळी गोष्ट खटकते. २०१९ च्या विधानसभेला राहुरीच्या मतदारांनी कर्डिलेंना तेवीस हजारांहून जास्त मतांनी घरी बसवलं होतं. साडेतीन वर्षांत ते अशा खुर्चीवर बसले, जिथून त्याच मतदारांच्या पीककर्जाच्या नाड्या हलतात. मधे मतदाराला कोणी काही विचारलंच नाही. यात नियमाबाहेर काही घडलं नाही. कर्डिले डाव खेळले आणि चांगला खेळले. माझी तक्रार पटाबद्दल आहे.

आमदार राहिलेला माणूस पुढे स्थानिक पदावर आला की आपण त्याला पायउतार समजतो. ‘मुंबई सुटली, आता गावात बसा’ असा त्यातला सूर. आणि त्याच दमात आपण असंही गृहीत धरतो की स्थानिक पद लोकांच्या जवळचं असतं. राहुरीकडे बघितलं की दोन्ही समजुती उलट्या पडतात. इथं स्थानिक पद मोठं आहे, आणि ते लोकांपासून आमदारकीपेक्षा कितीतरी लांब आहे.

कर्डिलेंची वाट आधी बघू. नगर शहराला खेटून असलेलं बुऱ्हाणनगर हे त्यांचं गाव, तुळजाभवानीच्या पालखीचा मान असलेलं. दुधाच्या धंद्यातला हा माणूस गावचा सरपंच झाला आणि १९९५ ला अपक्ष म्हणून विधानसभेत पोचला. पाठीशी ना कारखाना होता ना शिक्षणसंस्था. सहकारातल्या घराण्यांच्या या जिल्ह्यात ही गोष्ट साधी नव्हे. नगर-नेवासा मतदारसंघ त्यांच्याकडे राहिला तो पुनर्रचनेत मतदारसंघच पुसला जाईपर्यंत. २००९ ला त्यांनी राष्ट्रवादीकडून लोकसभा लढवली आणि दिलीप गांधींकडून हरले. काही महिन्यांत भाजपमधून राहुरीत उभे राहिले आणि जिंकले. २०१४ ला पुन्हा जिंकले. पक्ष बदलत गेले. सकाळी बुऱ्हाणनगरला घरासमोर जमणारी गर्दी मात्र बदलली नाही. बदलीचा अर्ज, डीपी जळालेला, भावकीतला बांधाचा तंटा, दवाखान्याचं बिल: आमदाराकडे येणाऱ्या या कामांपैकी कायदे करण्याशी संबंध असलेलं एकही नसतं. आपल्याकडे आमदार निवडून येतो विधिमंडळासाठी आणि राबवला जातो तालुक्याच्या मामलेदारासारखा. मग तो हरल्यावर तालुक्यातच पद शोधतो, यात नवल कसलं?

पुनर्रचनेचा फटका दुसऱ्या एका माणसाला फार बसला, आणि त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. देवळाली प्रवराचे चंद्रशेखर कदम भाजपकडून राहुरीचे आमदार होते, तेही तनपुऱ्यांच्या बालेकिल्ल्यात. २००८ च्या आखणीत त्यांचं गावच राहुरीतून निघून श्रीरामपूर मतदारसंघात गेलं, आणि श्रीरामपूर अनुसूचित जातींसाठी राखीव. इकडे राहुरीला नगर तालुक्याचा तुकडा जोडला गेला आणि पाथर्डीतला मिरी-करंजीचा भाग आला. नकाशावरच्या एका रेघेनं कदमांच्या पायाखालची जमीन सरकली आणि कर्डिलेंना नवी मिळाली. कदमांच्या घरात पुढे राहिलं ते देवळाली प्रवराचं नगराध्यक्षपद. ते त्यांचे चिरंजीव सत्यजित यांच्याकडे आलं. मतदारानं नाकारलं म्हणून कदम घराणं नगरपालिकेत उरलं असं म्हणणं अन्यायाचं होईल.

तनपुऱ्यांचं घराणं उलट्या दिशेनं चाललं. डॉ. बाबुराव बापूजी तनपुरे यांचं नाव राहुरीच्या साखर कारखान्याला आहे. प्रसाद तनपुरे अनेकदा आमदार झाले, १९९८ ला कोपरगावचे खासदार झाले. त्यांचे चिरंजीव प्राजक्त २०१६ ला राहुरीचे थेट निवडून आलेले नगराध्यक्ष. तीनच वर्षांत त्यांनी कर्डिलेंना हरवलं आणि डिसेंबर २०१९ मध्ये ते राज्यमंत्री झाले. खात्यांत नगरविकासही होतं. एका लहान गावाच्या नगरपालिकेत मुख्याधिकाऱ्याच्या सहीसाठी फायलीमागे फिरलेला माणूस थेट त्या खात्यात जाऊन बसतो, हे लोकशाहीचं वैभवच म्हणायला हवं. पण पुढे काय झालं? त्याच सरकारनं २०२० मध्ये नगराध्यक्षाची थेट निवडणूक रद्द केली. स्वतः थेट निवडून आलेला नगराध्यक्ष ज्या खात्यात राज्यमंत्री, त्याच खात्यानं ती वाट बंद केली. तनपुऱ्यांना एकट्याला यासाठी धरणं बरोबर नाही. आघाडीचा निर्णय होता आणि राज्यमंत्र्याचं वजन किती असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही नगरपालिकेचा अनुभव मंत्रालयात गेला म्हणजे नगरपालिकेचं भलं होतं, हे गणित इथं चुकलंच.

थेट नगराध्यक्षाचा हा खेळ महाराष्ट्रात किती वेळा मांडला आणि मोडला! २००१ ला थेट निवडणूक आली, २००६ ला गेली, २०१६ ला परत आली, २०२० ला गेली, २०२२ ला पुन्हा आली. दर वेळी कारण लोकशाहीचं आणि हिशोब पक्षाचा. ज्या पदाची निवडपद्धत दर सरकारागणिक फिरते, त्या पदावर बसायला वीस वर्षं विधानसभेत काढलेला माणूस का येईल? बरं, पद्धत जाऊ द्या, निवडणूक तरी वेळेवर होते का? २०१६ च्या शेवटी निवडलेल्या नगरपालिकांची मुदत २०२१ च्या शेवटी संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचना, तारखांवर तारखा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावलं, तेव्हा कुठे डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं. चार वर्षं गावाचा कारभार प्रशासकानं पाहिला. जिल्हा परिषदेचीही मुदत मार्च २०२२ मध्ये संपून तिथंही प्रशासक बसला. विधानसभा चार वर्षं अशी ओस ठेवली असती तर राज्य पेटलं असतं. नगरपालिकेबाबत मात्र ज्याच्या गल्लीतली गटार तुंबली तो सोडून कोणी हूं की चूं केलं नाही.

जिल्हा बँकेची गोष्ट निराळी. तिचा अधिकार कळायला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात राहुरी तालुक्यातल्या कुठल्याही ऊसकरी गावात जावं. विविध कार्यकारी सोसायटीच्या कचेरीत सचिव कागद पसरून बसलेला असतो आणि बाहेर ओट्यावर माणसं. ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. तारीख हुकली की सवलत गेली. पण मार्चअखेर हातात पैसा असतोच असं नाही. उसाचं शेवटचं पेमेंट आलेलं नसतं, कांद्याला भाव नसतो. मग कोणी हातउसने घेतो, कोणी बायकोचं सोनं सराफाकडे ठेवतो, कोणी आडत्याकडून उचल आणतो. त्या पैशांतून कर्ज भरायचं आणि एप्रिलात तेच कर्ज पुन्हा उचलायचं, याला सगळे ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. भरणा आणि नवी उचल यांत आठ दिवस गेले की दीड महिना, यावर त्या घराचं गणित ठरतं, कारण उसन्याचं व्याज बँकेच्या दरानं चालत नाही. मंजुरी लवकर द्यायची की थांबवायची, मर्यादा एकरी किती ठेवायची, थकीत सोसायटीला सांभाळून घ्यायचं की अडवायचं, ही सगळी सूत्रं बँकेकडे असतात.

आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटींचा. त्यातून सभामंडप, रस्त्याचे तुकडे, व्यायामशाळा होतात. जिल्हा बँक एका कारखान्याला देते ते मालतारण कर्ज याच्या कितीतरी पट असतं. तनपुरे कारखान्याचंच घ्या. बँकेचं कर्ज थकलं, बँकेनं कारखाना ताब्यात घेतला, तो भाड्यानं द्यायच्या निविदा निघाल्या. राहुरीच्या राजकारणाचा पन्नास वर्षांचा कणा असलेली संस्था बँकेच्या कागदावर एक थकीत खातं झाली. २०२३ नंतर त्या बँकेच्या अध्यक्षपदी होते ते तनपुऱ्यांचे विधानसभेतले प्रतिस्पर्धी. या योगायोगाचा कोणी गैरफायदा घेतला असं मी म्हणत नाही. पण असा योगायोग घडू शकणारी रचनाच मुळात धोक्याची आहे, एवढं म्हणायला पुरावा लागत नाही.

आता या खुर्चीपर्यंत शेतकऱ्याचं मत कसं पोचतं ते पाहा. सभासद सोसायटीचं संचालक मंडळ निवडतो. पुष्कळ गावांत ते बिनविरोध होतं, म्हणजे चार जण ठरवतात. ते मंडळ बँकेच्या मतदानासाठी कोणा एकाच्या नावानं ठराव करतं. बँकेची निवडणूक जवळ आली की जिल्ह्यात ‘ठराव गोळा करणं’ सुरू होतं, आणि कोणाच्या गोटात किती ठराव यावर निम्मी लढत मतदानाआधीच संपते. ठरावधारक तालुक्याचा संचालक निवडतात. संचालक अध्यक्ष निवडतात. म्हणजे शेतकरी आणि अध्यक्ष यांच्यामध्ये तीन दारं. भूमिहीन मजूर, वाट्यानं शेती करणारा, सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई हे तर पहिल्या दारातही शिरू शकत नाहीत. याला कोणी स्थानिक लोकशाही म्हणत असेल तर म्हणो. राहुरीत आमदार व्हायला २०२४ ला कर्डिलेंना १ लाख ३५ हजारांवर मतं घ्यावी लागली. बँकेत दहा पुरली.

त्यातही ती दहा मतं गुप्त. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष निवडताना सदस्याला हात वर करावा लागतो आणि पक्षाचा व्हिप असतो. तो मोडला तर १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याखाली पद जाऊ शकतं. नगरपालिकेलाही तोच कायदा. सहकारात पक्षाचं चिन्ह नाही, म्हणून पक्षांतराचा प्रश्न नाही, म्हणून व्हिप नाही. कागदावर सहकार राजकारणाच्या बाहेर आहे. प्रत्यक्षात मंत्रालयातून फोन येतात, पक्षांचे निरीक्षक येतात, उमेदवार पक्षाचे म्हणूनच जाहीर होतात. राजकारणाची सगळी मजा घ्यायची आणि त्याची एकही शिस्त पाळायची नाही, ही सोय दुसऱ्या कुठल्या संस्थेला नसेल.

हे असं का झालं याचं मूळ मला १९६०-६१ मध्ये दिसतं. वसंतराव नाईक समितीनं जिल्हा परिषदेला खरे अधिकार द्या म्हटलं आणि आमदार-खासदारांना तिच्या कारभारातून बाहेर ठेवलं. इतर काही राज्यांत आमदार पंचायत समितीत बसत. आपल्याकडे नको, म्हणजे खालून नवं नेतृत्व उगवेल, असा विचार. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि तो विचार खरा ठरला. याच जिल्ह्यात यशवंतराव गडाख पंचायत समिती, जिल्हा परिषद अशा पायऱ्या चढत लोकसभेत गेले. पण आमदाराला जिल्हा परिषदेचं दार बंद झाल्यावर त्याची तालुक्यावरची पकड कशात राहणार? कारखान्यात, दूध संघात, बँकेत. जिल्हा परिषदेचे अधिकार हळूहळू पालकमंत्र्याच्या नियोजन समितीकडे आणि खात्यांकडे गेले. सहकार मात्र आमदाराच्या हाती राहिला. ज्या संस्थेवर मतदाराचं थेट नियंत्रण, तिचे अधिकार आटले. जिच्यावर नाही, तिचे वाढले. हे कोणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही, पण कोणी थांबवलंही नाही. थांबवू शकले असते ते सगळे लाभार्थी होते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माजी आमदार नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत उतरले तर नव्या पोरांनी जायचं कुठं? आधीच बाप कारखान्यात, आई नगरपालिकेत, मुलगा विधानसभेत आणि जावई शहरात अशी वाटणी आहे. इथल्या सोयरिकी पाहिल्या तरी समजतं: नगरचे महापौर राहिलेले आणि नंतर आमदार झालेले संग्राम जगताप हे कर्डिलेंचे जावई, प्राजक्त तनपुरे हे जयंत पाटलांचे भाचे, घुलेंच्या घरात राजश्री घुले जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष होत्या. माझं उत्तर असं, की माजी आमदार आजही नगरपालिका चालवतोच, फक्त दुसऱ्याच्या नावानं. सही एकाची, शब्द दुसऱ्याचा. त्यापेक्षा त्यानं स्वतः वॉर्डात उभं राहावं, पडायची तयारी ठेवावी आणि सभेत प्रश्नांना उत्तरं द्यावीत. मुंबईच्या विशाखा राऊत महापौर झाल्या, आमदार झाल्या आणि २०१७ ला पुन्हा नगरसेवक म्हणून निवडून आल्या. त्यांना कोणी पायउतार म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अर्थात मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प एखाद्या राज्याएवढा आहे, राहुरी नगरपालिकेचा नाही. माणूस पैशाकडे जातो, हे यातून पुन्हा दिसतंच.

फ्रान्समध्ये खासदारानं आपल्या गावाचा महापौरही असणं ही पिढ्यानपिढ्यांची रीत होती. जाक शिराक पंतप्रधान असतानाही पॅरिसचे महापौर होते. २०१४ च्या कायद्यानं ही दुहेरी पदं बंद केली, २०१७ पासून ती अमलात आली. तरी महापौरपदाचं वजन कमी झालं नाही. एदुआर फिलिप ल आव्रचे महापौर होते, २०१७ ला पंतप्रधान झाले, २०२० ला पद सुटल्यावर सरळ ल आव्रला महापौर म्हणून परतले. आपल्याकडे मुख्यमंत्री सोडा, एखादा माजी राज्यमंत्री नगराध्यक्ष व्हायला तयार होईल का? तिथं तो होतो, कारण महापौराच्या हातात शहर असतं आणि शहरानं निवडल्याशिवाय ते मिळत नाही.

कर्डिले गेले १७ ऑक्टोबर २०२५ ला. वर्षभरापूर्वीच तनपुऱ्यांचा चौतीस हजारांच्या फरकानं पराभव करून ते पुन्हा आमदार झाले होते आणि बँकेची खुर्चीही त्यांच्याकडेच होती. मृत्यूनंतर माणसाबद्दल बोलताना जीभ जपावी लागते; मला जपायची फारशी गरज वाटत नाही, कारण दूध घालणारा एक माणूस घराण्यांच्या जिल्ह्यात तीस वर्षं टिकला हे मला मनापासून मोठं वाटतं. मुळेचं आवर्तन असो की वांबोरी चारीचं पाणी, त्यांच्याकडे गेलेला माणूस सहसा रिकाम्या हातानं परतत नसे, असं त्यांचे विरोधकही सांगतात. पण आमदार आणि बँकेचा अध्यक्ष एकच माणूस असला की पाणी मागायला आणि कर्ज मागायला एकाच ओट्यावर जावं लागतं. तिथून नाराज होऊन परतलेल्यानं मग कोणाकडे जायचं?

केंद्रानं इकडे थोडं लक्ष घातलं आहे. सहकारी बँकेच्या संचालकाला सलग आठ वर्षांची मर्यादा आली होती. २०२५ च्या दुरुस्तीनं ती दहा वर्षं झाली. गंमत अशी, की बँकिंग कायद्यातली ही मर्यादा लिहितानाच अध्यक्ष आणि पूर्णवेळ संचालक यांना वगळलेलं आहे. म्हणजे बाकीच्यांनी दहा वर्षांत उठायचं आणि ज्याच्या हाती सगळ्यात जास्त, त्याच्याबद्दल कायदा गप्प.

मला फार मोठं काही नको आहे. अध्यक्षाची निवड उघड मतदानानं व्हावी. वीस माणसांना हात वर करायला लाज वाटायचं कारण नाही. विद्यमान आमदार-खासदारानं जिल्हा बँकेचं अध्यक्षपद घेऊ नये, माजी असेल तर खुशाल घ्यावं. संचालकाचा ज्या कारखान्याशी संबंध आहे त्याच्या कर्जाची स्थिती दरवर्षी सोसायटीच्या फळ्यावर, सभासदाला वाचता येईल अशा अक्षरात लागावी. आणि नगरपालिकेची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली नाही, तर त्या दिवसापासून त्या भागातल्या आमदाराचा स्थानिक विकास निधी गोठावा. हे शेवटचं सगळ्यांत टोचेल, म्हणून सगळ्यांत उपयोगाचं ठरेल. सहकार आणि नगरविकास या दोन खात्यांना मसुदा करायला फार दिवस लागणार नाहीत. तो सभागृहात मांडला गेला, तर मतदानाच्या वेळी कोणकोण चहा प्यायला बाहेर जातं ते बघायला मी गॅलरीचा पास काढीन.